हिमोफिलियाच्या मुलाला अंथरुणात ठेवू नका
(पालक मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



आजचा विषय अनोळखी वाटेल. परंतु आपल्या घरांतून या रोगाची पहिली ओळख कित्येकदा खतन्याच्या वेळीच होते. जखम एवढीशी, पण रक्त थांबत नाही. सुमारे हजार वर्षांपूर्वी स्पेनमधील थोर शल्यवैद्य अबुल कासिम अल् जहरावी यांनी किरकोळ जखमेने रक्त वाहून दगावणाऱ्या एका गावच्या पुरुषांविषयी लिहून ठेवले आहे. म्हणून घराण्यात मामाला किंवा मावसभावाला असा त्रास असेल तर खतन्यापूर्वी बाळाचे रक्त तपासून घ्या.

रक्त गोठण्यासाठी लागणारा आठवा घटक कमी असला की तो हिमोफिलिया 'अ', नववा कमी असला की 'ब'. जन्मणाऱ्या दर ५,००० मुलग्यांमागे सुमारे एकाला 'अ' प्रकार असतो. दोष बहुधा आईकडून येतो; तथापि सुमारे एकतृतीयांश घरांत पूर्वी कोणालाच हा रोग नसतो. सुनेला बोल लावणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

लोक बाहेरच्या जखमेला भितात. खरे नुकसान आत होते, गुडघा, घोटा आणि कोपर या सांध्यांत. सांध्यात रक्त साचले की आतले अस्तर सुजते, नाजूक होते आणि पुन्हा रक्त सोडते. मूल दुखण्याने पाय आखडून पडून राहते, मांडी वाळते आणि दुबळ्या मांडीवरचा गुडघा पुन्हा दुखावतो. अखेर पाय वाकडाच राहतो. मग मांडी घालून जेवायला बसता येत नाही, नमाजात कायद्याची बैठक जमत नाही, शाळेचा जिना चढवत नाही. पूर्वी अशा मुलांना 'हलू नको' एवढाच सल्ला मिळे. आज तो चुकीचा ठरला आहे. बळकट स्नायू हेच सांध्याचे कवच होय.

मात्र क्रम पाळला पाहिजे. सांधा गरम व ताठ वाटू लागला, मुंग्या आल्यासारखे झाले की सूज येण्याची वाट न पाहता इस्पितळ गाठून कमी असलेला घटक टोचून घ्यावा. त्या वेळी सांध्याला विश्रांती द्यावी, पाय उंचावर ठेवावा. गुडघ्याखाली उशी देऊन तो दिवसेंदिवस वाकलेला ठेवू नये. आया मायेने हेच करतात! दुखणे ओसरले की फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली सुरुवात करावी. पाय सरळ ठेवून, सांधा न हलवता, मांडी आवळायची, पाच आकडे मोजायचे, सैल सोडायची. मग मुलाने स्वतःच्या जोराने गुडघा हळूहळू वाकवायचा व सरळ करायचा. दुसऱ्याने तो ओढून ताणायचा नाही. पाय पूर्ण सरळ होऊन ताकद परत येईपर्यंत व्यायाम सोडू नये; दुखणे थांबले म्हणजे काम झाले, असे नव्हे.

जांघेत दुखते आणि मांडी सरळ होत नाही, तर पोटामागील स्नायूत रक्तस्राव झाला असण्याचा संभव असतो. तेव्हा कोणताही व्यायाम न करता तडक डॉक्टरांकडे जावे.

हाडवैद्याकडची मालिश, सुजेवर गरम शेक, ॲस्पिरिनची गोळी आणि दंडात किंवा कुल्ल्यात दिलेले इंजेक्शन, या चारही गोष्टी या मुलांना घातक आहेत. दवाखान्यात पाऊल टाकताच रोगाचे नाव सांगा.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या वर्गात असा मुलगा असेल तर त्याला कबड्डीत ओढू नका. पण पोहायला, फिरायला, सायकलवर जरूर सोबत न्या. पोहण्याइतका सोयीचा व्यायाम नाही, कारण पाणी अंगाचा भार तोलून धरते.

मुंबईत परळच्या के. ई. एम. रुग्णालयाच्या आवारातील राष्ट्रीय प्रतिरक्षा रुधिरविज्ञान संस्थेत या रोगावर काम चालते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात हिमोफिलियाचा समावेश झाला आहे. तेव्हा पालकांनी जिल्हा रुग्णालयात प्रमाणपत्राची चौकशी करावी आणि त्याची एक प्रत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, मुलाच्या वर्गशिक्षकांकडे देऊन ठेवावी.