आळ्यातली ओल

फाल्गुन सरत आला की सोलापूर, सांगोला, आटपाडी, जत या पट्ट्यात परसबाग राखणाऱ्या प्रत्येकाला एकच घोर लागतो, पाऊस पडेपर्यंत झाडं निभवायची कशी? नळाला रोज पाणी नाही, बोअर गुळण्या टाकतंय. पाणी वाढवणं आपल्या हातात नाही. घातलेलं पाणी जास्त दिवस पुरवणं मात्र बरंचसं आहे.

आधी थोडा हिशोब करू. मे महिन्यात आपल्याकडे उघड्या पसरट भांड्यातलं पाणी दिवसाला 10 मिलिमीटरपेक्षाही जास्त खाली जातं. एक चौरस मीटर जागेवरचं एक मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर एक लिटर. नुकतीच भिजवलेली उघडी माती पहिल्या दिवशी याच वाटेनं पाणी घालवते. मुळांच्या वाट्याला येतं ते उरलंसुरलं.

जुने शेतकरी म्हणायचे, एक कोळपणी अर्धं पाणी. कोळप्यानं वरची माती भुसभुशीत झाली, काळ्या रानाच्या भेगा बुजल्या, की खालची ओल टिकते. सोलापूरला 1933 साली कोरडवाहू शेतीचं संशोधन केंद्र सुरू झालं, तेव्हापासून ओल राखण्याच्या अशाच उपायांवर तिथं काम होत आलं आहे. परसात कोळपं चालत नाही. तिथं ते काम आच्छादन करतं.

आच्छादन कशाचं घालावं? बाजारात जाऊ नका, आसपास फेकलं किंवा पेटवलं काय जातंय ते बघा. उसाचं पाचट मिळत असेल तर उत्तम. वीतभर तुकडे करून घ्या. शेंगांची टरफलं तर फारच चांगली, पाणी अडवत नाहीत आणि सावकाश कुजतात. कडुलिंबाचा, गुलमोहराचा बारीक पाला चालतो. आंब्याची, बदामाची रुंद पानं मात्र चुरून टाका, नाहीतर ती एकावर एक चिकटून बसतात आणि पाणी वरूनच ओघळून जातं. लाकडाचा भुसा जपून वापरा. त्याची पापडी धरते, आणि तो मातीत मिसळला तर कुजवणारे जीवाणू झाडाच्या वाट्याचं नत्र आधी वापरतात. गवत आणाल तर बी धरण्याआधी कापलेलं आणा; नाहीतर आषाढभर खुरपत बसाल.

एक अडचण आपल्या मुलखाची म्हणून खास आहे, चैत्र-वैशाखातल्या वावटळी. हलका पाला शेजारच्या अंगणात जातो. म्हणून बारीक माल खाली आणि त्यावर तुराट्या किंवा पऱ्हाट्या आडव्या टाका.

आता घालायचं कसं? कोरड्या मातीवर आच्छादन घालून उपयोग नाही. आच्छादन पाणी देत नाही, असलेलं राखतं. म्हणून संध्याकाळी आळं पोटभर भिजवा आणि सकाळी तीन-चार इंच जाडीचा थर द्या. ठिबकची नळी थराच्या खाली ठेवा. खोडाभोवती वीतभर जागा मोकळी सोडा. ओला पाला सालीला टेकला की साल कुजते, आणि कोरड्या पाल्याला वाळवी लागली तर ती कोवळ्या रोपाच्या सालीपर्यंत पोचते. रोप नवं असेल तर आठवड्यातून एकदा थर उचलून बघा. उचलताना हात घालू नका, खुरपं घाला. गारव्याला विंचू येतो. वाळक्या पाचटाजवळ विडी-काडीही नको.

चंदेरी-काळा प्लास्टिकचा कागद भाजीच्या शेतात ठिबकसोबत उपयोगी पडतो, तण दाबतो. पण तो कुजून मातीला काही देत नाही, वरून पडलेला पाऊस आत जाऊ देत नाही, आणि फाटला की त्याचे तुकडे वेचता वेचता नाकी नऊ येतात. चार झाडांच्या परसाला त्याची गरज नाही.

शेवटी वळवाच्या सरीबद्दल. हलकी सर आली की आपण खूश होतो आणि त्या दिवशीचं पाणी चुकवतो. पण असली सर बहुतेक वेळा वरचा पालाच पिऊन टाकतो. म्हणून थर बाजूला करून दोन बोटं खोलवरची माती उचला आणि मुठीत दाबा. गोळा झाला तर आज पाणी नको. भुगा होऊन बोटांतून निसटली तर आजच घाला, मग रात्री विजा चमकल्या असोत वा नसोत. जूनमध्ये पाऊस नीट लागला, की थर थोडा पातळ करा आणि कुजलेला भाग तिथंच मातीत राहू द्या. पुढच्या उन्हाळ्यासाठी पाचट आणि टरफलं गोळा करायला दिवाळीनंतर लागा; फाल्गुनात शोधायला निघालात तर तोवर कुणीतरी पेटवून दिलेलं असतं.