नाव की नंबर?



जुन्या पेठेत कोणाचे घर विचारले तर उत्तर मिळते, 'अमक्यांच्या वाड्याशेजारी.' वाडा पडून तेथे इमारत उभी राहिली तरी खूण वाड्याचीच सांगतात. पण ती जागा विकायची झाली की वाड्याचे नाव पुरत नाही. खरेदीखतात सिटी सर्व्हे नंबर लागतो. माणसाच्या तोंडी बसणारी खूण निराळी आणि दप्तरात चालणारी निराळी. आज संगणकांच्या जगात हाच वाद चालू आहे. त्याचा निवाडा कसा करावा आणि त्यात आपले मराठी माणसांचे काय गुंतले आहे, एवढेच आम्हांला आज सांगायचे आहे.

प्रथम विषय समजून घेऊ. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी २००६ साली चार साधे नियम मांडले. पुस्तक, गाव, माणूस अशा प्रत्येक गोष्टीला वेबच्या पत्त्यासारखी ओळख द्यावी. ती कोणालाही उघडता यावी. उघडल्यावर त्या गोष्टीची माहिती मिळावी. आणि त्या माहितीत इतर गोष्टींचे पत्ते गुंफलेले असावेत. यालाच 'लिंक्ड डेटा', म्हणजे जोडलेली माहिती, म्हणतात. 'लेखक', 'जन्मतारीख' अशा नात्यांनाही पत्ते लागतात, आणि अशा पदांच्या संचाला शब्दावली म्हणतात. दोन ग्रंथालयांनी एकाच अर्थी एकच पत्ता वापरला, तर त्यांच्या नोंदी आपोआप जुळतात. आता प्रश्न असा की, या पत्त्याच्या शेवटी वाचता येणारा शब्द घालावा, की नुसता आकडा?

शब्दाची बाजू आधी पाहू. १९९५ साली अमेरिकेत ओहायो राज्यातील डब्लिन गावी 'डब्लिन कोअर' या शब्दावलीचा पाया घातला गेला. तिची मूळ पंधरा पदे 'टायटल', 'क्रिएटर', 'डेट' अशी सरळ आहेत. नोंद करणाऱ्याला दर वेळी कोश उघडावा लागत नाही, आणि चूक झाली तर ती डोळ्यांना खुपते. हा लाभ थोडा नव्हे. परंतु सोपा शब्द फसवतोही. 'डेट' म्हणजे लेखनाची तारीख, की छपाईची? शब्द ओळखीचा वाटला की व्याख्या वाचण्याचे कष्ट कोणी घेत नाही. शिवाय शब्द अपुरा पडतो. 'क्रिएटर'च्या जागी आरंभी 'ऑथर' हे पद होते. पण चित्राला आणि छायाचित्राला 'लेखक' कोठला? म्हणून ते पद बदलावे लागले.

आता आकड्याची बाजू. २०१२ साली सुरू झालेल्या विकिडेटात मुंबईची ओळख 'क्यू ११५६' अशी आहे. १९९५ साली 'बॉम्बे' जाऊन 'मुंबई' हे नाव अधिकृत झाले. २०२३ साली औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर झाले. आणि बिहारातही एक औरंगाबाद आहेच. पत्त्यातच नाव कोरले, तर अशा प्रत्येक वेळी सगळ्या नोंदी दुरुस्त करा, नाही तर जुन्या नावाने चालवून घ्या, असा पेच पडतो. आकड्याला ती अडचण नाही. घर तेच राहते, दारावरची पाटी तेवढी बदलते. पण आकडा मुका असतो. विकिडेटात 'पी ५६९' म्हणजे जन्मतारीख आणि 'पी ५७०' म्हणजे मृत्युतारीख. लिहिणाऱ्याचा हात एका अंकाने चुकला, तर माणूस जन्मला त्याच दिवशी मेला अशी नोंद होईल, आणि ती वाचणाऱ्याला आकड्यावरून शंकाही येणार नाही.

कोणी म्हणेल, दोन्ही एकत्र करा. संग्रहालयांच्या 'सिडॉक सीआरएम' या शब्दावलीने तसे केले. तेथे 'ई ७८'पुढे 'कलेक्शन' हा शब्द जोडलेला होता. पुढे तो अपुरा वाटून 'क्युरेटेड होल्डिंग' असा केला. आकडा तोच राहिला, पण शब्द पत्त्याचाच भाग असल्यामुळे पत्ता मात्र बदलला. मध्यम मार्ग नेहमी निर्वेध असतो असे नाही!

मग करावे काय? आमचे मत असे. माणूस रोज हाताने लिहितो ती मोजकी पदे एकाच भाषेच्या वर्तुळात वापरायची असतील, तर वाचता येणारा शब्द ठेवावा. पण जेथे गोष्टी असंख्य, भाषा अनेक आणि नावे बदलती किंवा वादग्रस्त, तेथे आकडाच बरा. मात्र त्याच्यासोबत प्रत्येक भाषेतले नाव व व्याख्या दिलीच पाहिजे.

मराठीचा प्रश्न येथे येतो. 'क्रिएटर' हा शब्द सोपा खरा, पण तो इंग्रजी जाणणाऱ्याला. मग पत्त्यात देवनागरी घालावी काय? नियमाने ती घालता येते. परंतु पत्ता पाठवताना पुष्कळदा तिचे सांकेतिक रूप होते, आणि 'मुंबई' हा पाच चिन्हांचा शब्द टक्क्याच्या खुणा, रोमन अक्षरे आणि अंक मिळून पंचेचाळीस चिन्हांचा होतो. तो मराठी माणसालाही वाचता येत नाही. आकडा निदान सर्वांना सारखाच परका आहे. पण ही समता तेव्हाच खरी, जेव्हा त्या आकड्यावर मराठी पाटी लागलेली असेल. ती कोणी न लावली, तर यंत्र दुसऱ्या भाषेतली पाटी दाखवील, नाही तर नुसता आकडा. आपली गावे, ग्रंथ, वाद्ये आणि धान्ये यांची नावे त्या दप्तरात लिहिण्याचे काम आपल्याखेरीज कोण करणार? ग्रंथपालाने, शिक्षकाने, हौशी वाचकानेही ते करावे. विकिडेटाचे दार सर्वांना उघडे आहे.

शेवटी एक इशारा. आकडा दिला म्हणजे ओळख अमर झाली, असे समजू नये. जमिनींचे एकत्रीकरण झाले त्या गावांत सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले, आणि जुन्याचा नव्याशी मेळ घालणारा कागद हरवला की काय हाल होतात, ते शेतकऱ्याला विचारा. ओळख टिकते ती शब्दाने नव्हे, आकड्यानेही नव्हे. ती देणाऱ्याने पाळलेल्या वचनाने टिकते. बदल करावाच लागला तर जुन्या पत्त्यावर आलेल्याला नव्या पत्त्यावर पोचवावे. वाडा पडला तरी पाहुण्याला घर सापडले पाहिजे, एवढेच मागणे आहे.