वऱ्हाडी विद्यार्थी आणि अरबी भाषा

अकोला जिल्ह्यांत सातपुड्याच्या माथ्यावर नरनाळ्याचा किल्ला उभा आहे. त्याच्या महाकाळी दरवाजावर कोरलेल्या कमळांच्या जोडीला अरबी लिपींतील डौलदार अक्षरें आहेत. फत्तेउल्ला इमाद-उल्-मुल्क यानें १४८७ सालीं हा दरवाजा उभारल्याची नोंद त्यांत आहे. अकोल्याहून अथवा अमरावतीहून सहलीस गेलेलीं सुशिक्षित कुटुंबें त्या अक्षरांखालीं क्षणभर थांबतात, नक्षी म्हणून त्यांचें कौतुक करतात आणि पुढें निघतात. ही नक्षी नसून भाषा आहे, आणि ती वाचतां आली पाहिजे, असें एखाद्या तरुणाच्या मनानें घेतलें, तर त्यानें कोणत्या वाटेनें जावें?

अशा तरुणास परदेशांतील उन्हाळी भाषाशाळांची वाट मोकळी आहे. अमेरिकेंतील व्हर्माँट संस्थानांत मिडलबरी नांवाचें महाविद्यालय आहे. तेथें १९१५ सालीं जर्मन भाषेची उन्हाळी शाळा निघाली आणि १९८२ सालीं अरबीची शाळा तिच्या जोडीस आली. या शाळांचा नियम मोठा कडक. सत्र संपेपर्यंत शिकावयाच्या भाषेवांचून दुसरी भाषा बोलणार नाहीं, अशा प्रतिज्ञेवर विद्यार्थ्यास सही करावी लागते. वर्गांत, भोजनगृहांत, खेळाच्या मैदानावर, सर्वत्र तोच निर्बंध. ट्युनिस येथील बुर्गिबा भाषासंस्थेच्या उन्हाळी वर्गांनाही दूरदूरचे विद्यार्थी जात आले आहेत. तेथें वर्ग सुटला कीं विद्यार्थी थेट अरबी बोलणाऱ्या नगराच्या रस्त्यावर येतो. त्या देशांचा उन्हाळा जून ते ऑगस्ट असा असतो. म्हणजे वऱ्हाडांत शेतांतून तिफणी चालूं लागतात, त्याच दिवसांत तिकडे पाठ सुरू होतात.

वऱ्हाडचा विद्यार्थी या वर्गांत रिकाम्या हातानें जात नाहीं. ऋतूंचीं नांवें शिकण्याची वेळ आली कीं त्याला कळतें, अरबींत शरदास 'खरीफ' म्हणतात आणि वसंतास 'रबीअ'. अकोल्याच्या बाजारांत कापूस घेऊन येणाऱ्या शेतकऱ्याच्या तोंडीं खरीप आणि रब्बी हे शब्द बारमास असतात. ते अरबी ऋतूंचीं नांवें आहेत, याची मात्र त्याला दाद नसते. जिरायत, तहसील, तालुका, जिल्हा, वकील, अर्ज, तारीख, हिशेब, हुकूम, हे सारे त्याच घराण्यांतले. बहामनी, इमादशाही, मोगल आणि निजाम अशा राजवटी या भूमीवरून गेल्या. त्यांच्या दरबारी फारशीच्या आश्रयानें हे अरबी शब्द मराठींत आले. १८५३ सालीं वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला, तरी शब्द दफ्तरांत कायम राहिले. शिवछत्रपतींच्या आज्ञेवरून झालेल्या राज्यव्यवहारकोशांत अशा कित्येक शब्दांस संस्कृत पर्याय सुचविले गेले. माधवराव पटवर्धनांनीं १९२५ सालीं फारशी-मराठी कोश सिद्ध करून या ऋणाची खातेवहीच वाचकांपुढें ठेविली.

परंतु ओळखीचा शब्द भेटला म्हणजे ओळखीचा अर्थही भेटला, असें नव्हे. अरबींत 'महसूल' म्हणजे शेतांतून हातीं आलेलें पीक. इकडे त्या पिकावरील सरकारी देणें म्हणजे महसूल.   कचेऱ्यांतून रोज लिहिला जाणारा 'अहवाल' हें 'हाल' या शब्दाचें अरबी अनेकवचन आहे. सर्वांत चटका लावणारा शब्द 'गरीब'. अरबींत त्याचा अर्थ निर्धन असा नाहीं. परका, आपल्या माणसांपासून दूर आलेला, असा आहे. परदेशीं एकट्यानें पाठ घोकणाऱ्या मुलाच्या खिशांत पैसा असो वा नसो, अरबीच्या मतें तो गरीबच.

उच्चारांची अडचण याहून मोठी. अरबींत 'ज' आहेच. त्याखेरीज आणखी चार निरनिराळे वर्ण मराठीच्या एका 'ज'मध्यें येऊन मिसळले आहेत. घशाच्या तळांतून निघणारा 'अैन' मराठींत नुसता स्वर होऊन बसतो. 'कल्ब' या शब्दांतील क जिव्हामूळापाशीं, घशालगत उच्चारला तर अर्थ होतो हृदय. तोच नेहमींच्या कंठ्य ककारानें उच्चारला तर अर्थ होतो कुत्रा. प्रेमानें बोलावयास जावें आणि शिवी होऊन बसावी, असा हा प्रकार असल्यामुळें शिक्षक पहिले कित्येक दिवस कान आणि घसा यांवरच खर्च करतात.

व्याकरणाकडे वळल्यावर मात्र संस्कृताच्या धातूंशीं परिचय असलेल्या विद्यार्थ्यास आनंद होतो. अरबींतील बहुतेक शब्द तीन व्यंजनांच्या मूळांतून निघतात. ह-क-म हें मूळ घ्यावें. त्यापासून हुकूम, हुकूम देणारा हाकीम, शहाणा वैद्य तो हकीम, आणि न्यायालय तें 'महकमा'. ज-म-अ या मूळापासून जमा, जमाव, जमात आणि विद्यापीठ या अर्थीं 'जामिआ'. जे शब्द घरीं सुटे सुटे वापरले, ते एका कुळाचे आहेत असें दिसूं लागलें, म्हणजे अर्धा शीण उतरतो.

तरी तिसऱ्या-चौथ्या आठवड्यास धीर सुटण्याची वेळ येतेच. भाषा पुरती येत नाहीं आणि स्वतःची बोलावयाची नाहीं. सुविद्य पदवीधरास बालकाप्रमाणें दोन शब्दांचें वाक्य जुळवावें लागतें. त्यांत आणखी एक कोडें उभें राहतें. पुस्तकाची अरबी, जिला 'फुसहा' म्हणतात, ती बाजारांतील भाजीवाला बोलत नाहीं. त्याची बोली कैरोस एक, तर ट्युनिसला दुसरी. वऱ्हाडी माणसास याचें फारसें नवल वाटूं नये. शाळेंत 'तो जात आहे' असें लिहून घरीं 'तो जाऊन राहिला' असें तोही म्हणतच असतो.

अशा अध्ययनासाठीं सागर ओलांडणें अपरिहार्य आहे काय? अमरावती जिल्ह्याच्या पूर्वसीमेवरील वर्धा नदी ओलांडली कीं या प्रश्नाचें एक उत्तर मिळतें. विनोबा भावे यांनीं १९३९ च्या सुमारास वर्ध्याकडे राहूनच मूळ अरबी कुराणाचें अध्ययन आरंभिलें. इंग्रजी भाषांतरें हातांशीं असतां त्यांना तेवढ्यानें समाधान नव्हतें. ज्या शब्दांनीं शेजाऱ्याचें हृदय हलतें, ते शब्दच त्यांना हवे होते. नभोवाणीवरील कुराणपठण ऐकून त्यांनीं उच्चार घासून घेतले. पुढें १९४२ नंतरच्या कारावासांत वेल्लोरच्या तुरुंगांत त्यांनीं दक्षिणेच्या चारही भाषांचा अभ्यास चालविला. १९६२ सालीं त्यांचा 'कुराण-सार' हा निवडक वचनांचा संग्रह बाहेर आला. मिडलबरीचा विद्यार्थी प्रतिज्ञापत्रावर सही करून जें बंधन स्वीकारतो, तें विनोबांनीं कागदावांचून स्वीकारलें होतें. परदेशच्या शाळेचा लाभ मोठा आहे, कारण तेथें पळवाट उरत नाहीं. पण निश्चय मात्र घरूनच न्यावा लागतो.

आतां हा खटाटोप कशासाठीं, असें कुणी विचारील. अरबस्तानाच्या किनाऱ्यावर नोकरी मिळते, हें एक उत्तर. तें खरें आहे, परंतु पुरें नाहीं. अचलपुरांत, बाळापुरांत, अकोटांत मुसलमान घरचीं मुलें अरबी वचनें पाठ म्हणतात; त्यांतील अनेकांस अर्थ ठाऊक नसतो, जसा अनेक हिंदु घरांत संध्येच्या मंत्रांचा नसतो. त्याच गांवचा हिंदु शेतकरी दिवसभर अरबी शब्दांनीं आपला व्यवहार करतो आणि ते अरबी आहेत हें त्यास ठाऊक नसतें. एकाच भाषेचें धन दोन्ही घरांत आहे आणि दोन्ही घरें त्याला पारखीं आहेत. मग एकमेकांविषयीं जें ऐकिवांत येतें, तेंच ज्ञान ठरतें. आणि ऐकीव ज्ञानावर किती भांडणें उभीं राहतात, हें सांगावयास नको.

हजार वर्षांमागें अल्बेरुणी या देशांत आला. संस्कृत किती दुष्कर आहे, तिच्यांत एकेका वस्तूला किती नांवें आहेत, याबद्दल त्यानें तक्रार केली. तरी ती शिकला आणि भारताविषयीं अरबींत मोठा ग्रंथ लिहून गेला. त्याही आधीं, आठव्या शतकांत, पंचतंत्राच्या कथा पहलवींतून अरबींत जाऊन 'कलीला व दिम्ना' या नांवानें जगभर गेल्या. तिकडील लोकांनीं इकडची भाषा आणि इकडच्या कथा अशा कष्टानें जोडल्या. त्या भेटीची परतफेड करण्यास वऱ्हाडांतून प्रतिवर्षीं दोन-चार तरुण जरी निघाले, तरी आरंभास तेवढे पुरे आहेत. ते परत येतील तेव्हां खरीप आणि रब्बी हेच शब्द बोलतील. परंतु ते कोणाकडून आले हें त्यांना ठाऊक असेल, आणि शेजारच्या घरांतून पहांटे येणारा स्वर त्यांना केवळ आवाज म्हणून ऐकूं येणार नाहीं.