कोरोनरच्या नोंदीतला रस्ता

अमेरिकेतल्या अनेक ग्रामीण काउंट्यांमध्ये कोरोनर, म्हणजे अनैसर्गिक मृत्यूंची चौकशी करणारा अधिकारी, मतदानाने निवडला जातो. तो डॉक्टर असेलच असं नाही. कित्येकदा गावात अंत्यविधीचा व्यवसाय करणाराच हे पद सांभाळतो.

जीवघेणा अपघात झाला, की मध्यरात्रीही त्याला बोलावणं येतं. मृत्यूचं कारण तो ठरवतो. घरच्यांना बातमी देणंही पुष्कळदा त्याच्याच वाट्याला येतं, आणि सर्वांत जड काम तेच. रक्तातल्या दारूच्या प्रमाणासारख्या त्याच्या नोंदी १९७५पासूनच्या राष्ट्रीय अपघात-नोंदणीत पोहोचतात.

ही नोंदणी काय सांगते? ग्रामीण भागात लोकसंख्येचा जेमतेम पाचवा हिस्सा, पण रस्त्यावरचे मृत्यू सुमारे ४० टक्के! वेग जास्त, रुग्णालय लांब. पण पुढच्या सीटवर पट्टा लावला, तर मृत्यूचा धोका मोटारीत सुमारे ४५ आणि पिकअपमध्ये ६० टक्क्यांनी घटतो.