भाडेपट्ट्यावरचा संगणक

(वाशी येथील वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



विषय संगणकाचा आहे, पण सुरुवात बंदरापासून करतो. २७ जून २०१७, मंगळवार. आपल्या शेजारच्या न्हावा-शेवा बंदरातल्या गेटवे टर्मिनल्स इंडिया या टर्मिनलचं काम ठप्प झालं. क्रेन शाबूत होत्या, कंटेनर जागच्या जागी होते, माणसं कामावर हजर होती. मात्र कुठला कंटेनर कुठून उचलून कुठल्या ट्रकवर चढवायचा हे सांगणारी संगणकव्यवस्था गेली होती. हे टर्मिनल चालवणारी एपीएम टर्मिनल्स ही डेन्मार्कच्या मर्स्क समूहाची कंपनी, आणि मर्स्कचे जगभरचे संगणक त्या दिवशी नॉटपेट्या नावाच्या विषाणूने झोपवले होते.

तो विषाणू युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून निघाला. विंडोजमधल्या एका छिद्रातून आणि चोरलेल्या पासवर्डांच्या आधाराने तो एका संगणकावरून दुसऱ्यावर उड्या मारत गेला. पुढे मर्स्कच्या अध्यक्षांनी दावोसमध्ये जाहीरपणे सांगितलं की दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले. कंपनीने नुकसानीचा अंदाज २५ ते ३० कोटी डॉलरचा दिला. सगळ्या कर्मचाऱ्यांची ओळख आणि परवानग्या सांभाळणाऱ्या मुख्य सर्व्हरच्या प्रती जगभर होत्या, त्या सगळ्या पुसल्या गेल्या. वाचली ती एकच, घानामधली, कारण हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेलेली होती. एवढ्या मोठ्या कंपनीचं नशीब आफ्रिकेतल्या एका वीजकपातीवर तरलं.

त्या छिद्रावरची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्च २०१७ मध्येच दिली होती, हे सांगितलं पाहिजे. आणि विंडोजऐवजी लिनक्स ही मुक्त प्रणाली वापरली की विषाणू येत नाहीत, असं मी तुम्हाला सांगणार नाही. मार्च २०२४ मध्ये लिनक्सबरोबर येणाऱ्या एक्सझेड नावाच्या एका छोट्या घटकात कुणीतरी चोरदरवाजा बसवला होता. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त का लागतोय, हे खटकलं. तो खोदत गेला आणि चोरदरवाजा जगभर पसरण्याआधी उघडा पडला. फ्रॉइंड मायक्रोसॉफ्टमध्येच नोकरीला होता. पण तो जे खोदत होता ते सगळ्यांसाठी उघडं होतं, म्हणून त्याला खोदता आलं. माझा मुद्दा तेवढाच आहे.

दुसरी गोष्ट अगदी अलीकडची. जुलै २०२५. नायरा एनर्जी ही मुंबईत मुख्यालय असलेली कंपनी. गुजरातेत वाडीनारला तिचा तेलशुद्धीकरण कारखाना, देशभर सहा हजारांहून अधिक पेट्रोल पंप. तिच्यात रशियाच्या रोसनेफ्टची ४९ टक्के मालकी आहे, म्हणून १८ जुलैला युरोपीय संघाने तिच्यावर निर्बंध लादले. चार दिवसांनी मायक्रोसॉफ्टने कर्मचाऱ्यांचे आउटलुकवरचे मेल आणि टीम्स बंद केले. कंपनी भारतीय कायद्याने चालणारी, परवान्याचे पैसे भरलेले, आणि निर्बंध युरोपचे. नायराला दिल्ली उच्च न्यायालयात जावं लागलं, मेलसाठी रेडिफकडे वळावं लागलं. काही दिवसांत सेवा परत सुरू झाली. तरी आपल्या देशातल्या मोठ्या कारखान्याचा पत्रव्यवहार कुणीतरी दुसऱ्या खंडातून थांबवू शकतो, हे त्या आठवड्यात सगळ्यांना दिसलं.

नवी मुंबईकरांना हे समजावून सांगायला मला फार कष्ट पडणार नाहीत. आपल्यापैकी बहुतेकांची घरं सिडकोच्या साठ वर्षांच्या भाडेपट्ट्यावरच्या जमिनीवर उभी आहेत. पैसे पूर्ण भरले, कर्ज फेडलं, तरी घर विकायचं तर सिडकोची परवानगी आणि हस्तांतरण शुल्क. म्हणूनच जमीन फ्रीहोल्ड करा, ही मागणी इथे इतकी वर्षं चालली. दुकानातून विंडोजचा संगणक आणता तेव्हा तुम्ही डबा विकत घेता; आतली व्यवस्था मात्र भाडेपट्ट्यावर असते. अटी मालकाच्या, मुदत मालकाची. सिडकोला निदान मोर्चा काढून जाब विचारता येतो.

याला पर्याय कसा उभा राहिला, ते थोडक्यात. १९८३ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीतले रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू प्रकल्प जाहीर केला: कुणालाही वापरता, वाचता, बदलता आणि वाटता येईल अशी पूर्ण संगणकप्रणाली. १९९१ मध्ये हेलसिंकीच्या विद्यापीठातल्या लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने तिचा गाभा, म्हणजे लिनक्स कर्नल, लिहून लोकांपुढे ठेवला. दोन्ही मिळून आज उबुंटू, डेबियन, मिंट, फेडोरा अशा नावांनी जे मिळतं ते तयार झालं. याला मुक्त सॉफ्टवेअर म्हणतात. ते फुकट आहे हे खरं, पण मला महत्त्वाचं वाटतं ते वाचण्याचं आणि बदलण्याचं स्वातंत्र्य. किमतीचा मुद्दा आपल्याकडे फारसा टिकतही नाही, कारण लॅमिंग्टन रोडवरच्या सीडीपासून आजच्या क्रॅकपर्यंत विंडोज अनेकांनी फुकटच वापरलं. चोरीच्या सॉफ्टवेअरने आपण कंपनीचे पैसे बुडवले, आणि सवय मात्र तिचीच लावून घेतली.

या शहराबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे. महापे, रबाळे, ऐरोली या पट्ट्यात देशातली मोठी डेटा सेंटर उभी आहेत. मी त्याच पट्ट्यात सर्व्हर सांभाळण्याचं काम केलं आहे, आणि त्या थंड खोल्यांमध्ये बहुसंख्य यंत्रांवर काय चालतं ते मला माहीत आहे: लिनक्स. नोव्हेंबर २०१७ पासून जगातल्या पहिल्या ५०० महासंगणकांपैकी प्रत्येकावर लिनक्सच आहे. घणसोलीत जिचा कारभार चालतो त्या जिओने २०१७ मध्ये आणलेला साधा जिओफोन कायओएसवर चालतो. त्याच्याही तळाशी लिनक्स. तुमच्या खिशातल्या अँड्रॉइडच्या तळाशीही तेच. म्हणजे लिनक्सवर या शहरातली हजारो घरं चालतात. आणि संध्याकाळी मुलगा शाळेच्या संगणकवर्गात जाऊन काय शिकतो? एका कंपनीच्या मेनूत कुठलं बटण कुठे आहे ते.

महाराष्ट्रात हे २००१ पासून चालत आलं आहे. त्या वर्षी एमएस-सीआयटी हा संगणक साक्षरतेचा अभ्यासक्रम सुरू झाला. त्या अभ्यासक्रमाचं ऋण मोठं आहे. गावोगावच्या लाखो माणसांची, विशेषतः मुलींची संगणकाची भीती त्याने घालवली. पण शिकवलं ते मुख्यतः विंडोज आणि ऑफिस. संगणक साक्षरता म्हणजे हीच, अशी एका पिढीची समजूत झाली.

त्याच सुमारास केरळने वेगळी वाट धरली. आयटी@स्कूल या प्रकल्पात शिक्षकांना आधी तयार केलं, मग शाळा मुक्त सॉफ्टवेअरवर नेल्या, दहावीची संगणकाची परीक्षाही त्यावरच घेतली. २०१९ मध्ये तिथल्या शाळांतल्या दोन लाखांहून अधिक संगणकांसाठी उबुंटूवर आधारलेली स्वतःची आवृत्ती निघाली, मल्याळमसह. सरकारने ३,००० कोटी रुपये वाचल्याचं सांगितलं. मला त्या आकड्यापेक्षा शिक्षकांचं प्रशिक्षण मोठं वाटतं. जर्मनीतल्या म्युनिक शहराने साधारण १५,००० संगणक लिनक्सवर नेले होते, आणि २०१७ मध्ये तिथल्या नगरसभेने परत विंडोजकडे जायचं ठरवलं. त्यात राजकारण होतं, बाहेरच्या कार्यालयांशी फायली जुळत नव्हत्या, कर्मचारी कंटाळले होते. प्रणाली बदलली आणि माणसं तयार केली नाहीत, तर म्युनिकसारखंच होईल.

आता मराठीकडे येतो, कारण या प्रश्नात आपलं सर्वांत मोठं नुकसान तिथे झालं आहे. १९९० च्या दशकात ज्यांनी डीटीपीचं काम केलं त्यांना संगणकाच्या मागे लावायचं डोंगल आठवत असेल. ते नसलं तर मराठी टाइप होत नसे. प्रत्येक कंपनीने इंग्रजी अक्षरांच्या जागी आपापल्या पद्धतीने मराठी अक्षरांचे तुकडे बसवले होते. एका सॉफ्टवेअरमधली फाइल दुसऱ्यात उघडली की पडद्यावर कंस, प्रश्नचिन्हं आणि उलटेसुलटे इंग्रजी वर्ण. सरकारी कागदपत्रंही डीव्हीबी-टीटी सुरेख या फॉन्टात अशीच अडकून पडली. कितीतरी दिवाळी अंक, पुस्तकं, गावोगावच्या संस्थांच्या स्मरणिका फाइलरूपाने आहेत आणि वाचता येत नाहीत. प्रकाशक आजही जुनं पुस्तक नव्याने टाइप करून घेतात. आपलीच भाषा, आपणच टाइप केलेली, आणि तिच्याकडे जायचा रस्ता बंद पडलेल्या कंपन्यांच्या गुपितात.

सगळ्यांसाठी अक्षरांची एकच सांकेतिक पद्धत ठरवणाऱ्या युनिकोडने हे कुलूप उघडलं, आणि त्यात जवळपासच्या माणसांचा हात आहे. मुंबईच्या एनसीएसटी या सरकारी संस्थेने इंडिक्स या प्रकल्पात लिनक्सवर भारतीय लिप्या आणण्याचं काम केलं. ही संस्था २००३ मध्ये सी-डॅकमध्ये विलीन झाली. खारघर स्टेशनसमोरचं तिचं केंद्र तुम्ही पाहिलं असेल. याच संस्थेत सुलेखनकार र. कृ. जोशी काम करत होते. विंडोजमध्ये वर्षानुवर्षं देवनागरी दाखवणारा मंगल फॉन्ट त्यांचाच. व्हीजेटीआयमधले प्रा. जितेंद्र शहा यांच्या इंडिकट्रान्स गटाने गार्गी हा मुक्त फॉन्ट दिला. पुण्यात रेड हॅटमधल्या मंडळींनी लोहित फॉन्ट सांभाळले. एक टाइप या मुंबईच्या गटाचे मुक्ता आणि बलू तर आज लग्नपत्रिकांपासून संकेतस्थळांपर्यंत दिसतात, आणि ते कुणीही घेऊ शकतो, बदलू शकतो.

बदलता येण्याचा उपयोग काय? ६ नोव्हेंबर २००९ च्या शासननिर्णयाने मराठीची वर्णमाला आणि अक्षरांची वळणं ठरवून दिली: देठाचा श, पाकळीचा ल. पण कितीतरी फॉन्टांत हिंदी वळणाचे ल आणि श येतात, आणि आपली मुलं पाठ्यपुस्तकात एक अक्षर पाहतात नि पडद्यावर दुसरं. बंद फॉन्टाच्या कंपनीला मराठीचा बाजार लहान वाटला की विषय संपला. मुक्त फॉन्टात मराठीची जाण असलेला एखादा विद्यार्थी ते वळण बसवून सगळ्यांना देऊ शकतो, परवानगी न मागता. लिब्रेऑफिस, फायरफॉक्स, ग्नोम यांची मराठी भाषांतरं अशीच थोड्या लोकांनी केली आहेत. काही ठिकाणी ती बोजड आहेत, काही अपुरी. सुधारायची तर दार उघडं आहे, आणि या सभागृहात भाषेची जाण असलेली माणसं भरपूर आहेत.

शिकण्याची सोयही खाडीपलीकडेच आहे. आयआयटी मुंबईत प्रा. कण्णन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने स्पोकन ट्युटोरियल आणि फॉसी हे प्रकल्प उभे राहिले. लिनक्स, लिब्रेऑफिस, सायलॅब यांवरचे त्यांचे छोटे दृक्‌श्राव्य पाठ मराठीतही आहेत, विनामूल्य. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात नागार्जुन जी. यांनी मुक्त सॉफ्टवेअर आणि शिक्षण यांची सांगड घालण्यात अनेक वर्षं घातली. केंद्र सरकारचं मुक्त सॉफ्टवेअर वापरण्याचं धोरण २०१५ चं आहे, सी-डॅकची बॉस ही प्रणाली २००७ पासून आहे, आणि २०२३ मध्ये संरक्षण मंत्रालयाने आपल्या संगणकांवर उबुंटूवर आधारलेली माया आणायला घेतली.

अडचणी झाकून ठेवत नाही. पावणे किंवा तुर्भ्यातला लहान कारखानदार मला म्हणेल, माझं टॅली विंडोजवर, ऑटोकॅड विंडोजवर, सीएनसी मशीनबरोबर आलेली सीडी विंडोजची. बरोबर आहे. प्राप्तिकर विवरणपत्राची एक्सेल युटिलिटीसुद्धा मॅक्रोंवर चालते आणि लिब्रेऑफिसमध्ये नीट चालत नाही. सरकार एका हाताने मुक्त सॉफ्टवेअरचं धोरण लिहितं आणि दुसऱ्या हाताने नागरिकाला एका कंपनीच्या फाइलमध्ये बांधतं. याचा मला मनापासून राग येतो. म्हणून अशा कारखान्याला मी सांगतो की हिशेबाचा आणि ड्रॉइंगचा संगणक सध्या आहे तसाच ठेवा. पत्रव्यवहार, स्टोअर, गेटवरची नोंद आधी बदला. मुंबईतल्या फ्रॅपे कंपनीचं ईआरपीनेक्स्ट हे मुक्त सॉफ्टवेअर स्टोअर आणि उत्पादनाच्या नोंदींसाठी पाहून घ्या.

घरच्या संगणकाचं निमित्त तर आलेलंच आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० चिप आणि नव्या पिढीचा प्रोसेसर लागतो, म्हणून चांगली चालणारी यंत्रं भंगारात निघत आहेत. कॅनालिस या संस्थेने जगभरात अशा २४ कोटी संगणकांचा अंदाज केला होता. तो संगणक भंगारवाल्याला देण्याआधी एका पेनड्राइव्हवर लिनक्स मिंट घ्या आणि त्यावरून चालू करून बघा; डिस्कला हात लावावा लागत नाही. वायफाय, आवाज, प्रिंटर, मराठी इनस्क्रिप्ट कळफलक तपासा. चार दिवस वापरून जमलं तर सगळ्या फोटोंची आणि कागदांची प्रत बाहेर काढा, मगच बसवा.

महापालिकेकडे माझी एक मागणी आहे, आणि तुम्ही सह्या दिल्या तर ती लेखी देऊ. पालिकेने यापुढे शाळा आणि वाचनालयांसाठी संगणक घेताना निविदेत विशिष्ट कंपनीचं नाव न लिहिता कामाची गरज लिहावी. नागरिकांना द्यायचे अर्ज ओडीएफ या खुल्या, आयएसओ-मान्य स्वरूपात आणि युनिकोड मराठीत ठेवावेत. आणि पहिल्या वर्षी यंत्रांपेक्षा शिक्षकांच्या प्रशिक्षणावर जास्त खर्च करावा. मसुदा बाहेरच्या टेबलावर आहे. आता तुमचे प्रश्न घेतो.