रुग्णालयाच्या कुंपणाबाहेर

‘त्याला आता ठाण्याला पाठवावयास हवे’ असे कोणी म्हटले, तर मराठी मुलखात त्या गावाचा भूगोल विचारण्याची गरज कोणालाच भासत नाही. येरवड्याचीही तीच गत. मनाचा आजार म्हणजे उंच भिंत आणि बंद फाटक, हे समीकरण एवढे पक्के बसले आहे की, त्या भिंतीबाहेरही मनाचे दुखणे असू शकते, ही गोष्ट विद्वानांच्यासुद्धा उशिरा ध्यानी आली.

बंगळूर येथे 1954 साली अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था स्थापन झाली, आणि 1974 मध्ये तिचा व तेथील मनोरुग्णालयाचा संयोग होऊन ‘निम्हान्स’ ही संस्था उभी राहिली. मनोवैद्य डॉ. आर. एल. कपूर यांचे नाव या संस्थेशी जोडले जाते ते तिच्या कुंपणाबाहेर केलेल्या कामामुळे. तत्पूर्वी एडिंबरोचे प्राध्यापक कारस्टेअर्स यांच्यासमवेत त्यांनी कर्नाटकाच्या किनाऱ्यावरील कोटा या गावी घरोघर जाऊन लोकांच्या मनाची विचारपूस केली होती. हा अभ्यास 1976 मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. त्या गावात डॉक्टर होते, वैद्य होते, मांत्रिक होते आणि अंगात दैवत येणारे पात्रीही होते. आपल्याकडचा देवऋषी कोकणात ज्याला ठाऊक आहे, त्याला हे चित्र परके वाटणार नाही. गावकरी मात्र यांपैकी एकाचीच निवड करीत नसत. सकाळी सुई टोचून घ्यावी आणि सायंकाळी अंगारा लावावा, यात त्यांना कसलीच विसंगती दिसत नसे. शहरातला सुशिक्षित यावर हसेल. पण दुखणाऱ्या माणसाला मतांपेक्षा उतार हवा असतो.

मनोवैद्य मूठभर आणि खेडी लक्षावधी, तेव्हा हे काम करावयाचे कोणी? याच प्रश्नाच्या पोटी 1975 मध्ये निम्हान्समध्ये सामुदायिक मानसोपचाराचा विभाग सुरू झाला व जवळच्या सकलवारा गावी ग्रामीण केंद्र निघाले. प्राथमिक आरोग्य केंद्रातील साध्या डॉक्टरला व गावोगाव हिंडणाऱ्या आरोग्यसेवकाला थोडे शिक्षण दिले, तर अपस्मार, तीव्र उन्माद, खोल उदासी ही दुखणी त्यांना ओळखता येतील आणि नेमकी औषधे देता येतील, असा हा विचार होता. त्याला वैद्यकीय कारणही होते. खेड्यातली बाई ‘मन खिन्न आहे’ असे सांगत डॉक्टरकडे जात नाही. डोके ठणकते, झोप नाही, हातापायांची आग होते, असेच ती सांगते. डॉक्टर शक्तीची गोळी देतो, आणि पुढच्या आठवड्यात ती पुन्हा दारात उभी असते. 1982 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रमाने हीच दिशा धरली. बेल्लारी जिल्ह्यात 1985 पासून या पद्धतीची जिल्हाभर कसोटी घेतली गेली, आणि 1996 मध्ये तिच्याच नमुन्यावर देशाचा जिल्हा कार्यक्रम आखला गेला.

शाळेपर्यंत हा विचार नेला तो मुख्यतः निम्हान्समधील मानसशास्त्रज्ञ मालविका कपूर यांनी. शिक्षकांना समुपदेशनाचे प्रशिक्षण देण्याचे त्यांचे काम अनेक वर्षे चालले. भारतीय शाळांतील मानसिक आरोग्यावरील त्यांचे पुस्तक 1997 मध्ये निघाले. येथे एक अडचण आहे. अमेरिकेत विकमन या अभ्यासकाने 1928 मध्येच दाखवून दिले होते की, शिक्षकाला वर्गात दंगा करणारा, उलट बोलणारा मुलगा गंभीर वाटतो, तर मनाच्या तज्ज्ञाला चिंता वाटते ती कोपऱ्यात मिटून बसलेल्या मुलाची. पन्नास-साठ मुलांच्या वर्गात गप्प बसणारी मुलगी म्हणजे शिक्षकाला वरदानच. तिच्याविषयी तक्रार कोण करणार?

बालमनोवैद्य डॉ. शोभा श्रीनाथ व त्यांच्या सहकाऱ्यांनी बंगळूर शहर व आसपासच्या खेड्यांतून सोळा वर्षांपर्यंतच्या 2,064 मुलांची पाहणी केली. तिचे निष्कर्ष 2005 मध्ये प्रसिद्ध झाले. शेकडा 12.5 मुलांत कोणता ना कोणता मानसिक विकार आढळला. चार वर्षांवरील मुलांत अंथरूण ओले करणे, एखाद्या गोष्टीची अनाठायी भीती, अतिचंचलता, तोतरेपणा या गोष्टी विशेष दिसल्या. यांतल्या पहिल्या व शेवटच्या गोष्टीसाठी आपल्याकडे मुलांना सर्रास मार बसतो, हे सांगावयास नको. मारहाण आणि आईवडिलांचे स्वतःचे मानसिक आजार यांचा मुलांच्या विकारांशी संबंधही त्या पाहणीत दिसून आला.

पण त्या आकड्यांहून अधिक विचारात पाडणारा आकडा निराळाच आहे. मुलाला काही त्रास आहे असे वाटणारी कुटुंबे शेकडा अवघी 37.5 होती. उरलेल्या घरांत ते मूल हट्टी होते, आळशी होते, ढ होते, किंवा नुसतेच ‘शांत स्वभावाचे’ होते.