नाव जुळत नाही



संयोजकांनी मला विषय दिला तो 'नव्या मोबाइल आणि वेब सेवा' असा. मला या सेवा मनापासून आवडतात. मी इंजिनिअरिंगला असताना घरून पैसे यायचे ते अब्बा बँकेत जाऊन स्लिप भरायचे तेव्हा. २०१६ मध्ये यूपीआय आलं आणि ते काम चहा पिता पिता होऊ लागलं. डिजिलॉकर २०१५ पासून आहे, आणि त्यातली गुणपत्रिका कायद्याने मूळ कागदाइतकीच धरली जाते. हे कौतुक तुम्ही पुष्कळ ऐकलं असेल. आज मी बोलणार आहे ते स्क्रीनवर दिसणाऱ्या एका ओळीबद्दल : 'नाव जुळत नाही.'

या तीन शब्दांवर स्कॉलरशिप अडते, पीएफ अडतो, आधार-पॅन जोडणी अडते. आणि ही ओळ आपल्या वस्तीत जरा जास्तच दिसते. त्यात कुणाचा कट शोधू नका. कारण बरंचसं लिपीत आहे.

आपलं नाव किती प्रवास करतं बघा. घरात ते उर्दू किंवा दखनी तोंडाने उच्चारलं जातं. शाळेत गुरुजी ते मराठीत लिहितात. मग कुणीतरी ऑपरेटर ते इंग्रजीत टाइप करतो. उर्दूत 'झाकीर'मधल्या पहिल्या ध्वनीसाठी चार अक्षरं आहेत. मराठीत त्याचं कुठे 'झ' होतं, कुठे 'ज'. मग इंग्रजीत एका कागदावर 'झेड' आणि दुसऱ्यावर 'जे'. उर्दूतले दोन वेगळे 'क' मराठीत एकच होतात, म्हणून एकाच घरात थोरला भाऊ 'क्यू'वाला काझी आणि धाकटा 'के'वाला काझी. शेख तर विचारूच नका. 'एस-एच-ए-आय-के-एच', 'एस-एच-ई-आय-के-एच', शेवटच्या 'एच'शिवाय, आणि काही ठिकाणी नुसतं 'एस-के'. मोहम्मदचं 'एम-ओ-एच-डी' करून पुढे टिंब द्यायचं की नाही, हे ज्याच्या त्याच्या मर्जीवर.

माणसाला हे सगळं एकच वाटतं. पोस्टमन पत्र बरोबर आणून देतो. सर्व्हर मात्र एकेक अक्षर ताडून बघतो. रिकामी जागासुद्धा त्याच्या लेखी एक अक्षर असते. माझ्या खालाचं नाव बँकेत 'हमीदा बी' आणि आधारवर 'हमीदाबी' असं आहे. एका ॲपने तिला तीनदा परत पाठवलं, आणि काय चुकलं ते एकदाही सांगितलं नाही. तिला वाटलं आपला अंगठाच नीट उमटत नाही.

देवनागरीत आणखी एक गंमत आहे. नुक्ता दिलेला 'ज' युनिकोडमध्ये दोन तऱ्हेने साठवता येतो : एकच चिन्ह म्हणून, किंवा 'ज' अधिक नुक्ता अशी दोन चिन्हं म्हणून. डोळ्याला दोन्ही सारखे. आधी ते एका रूपात आणून घेतले नाहीत, तर संगणकाला मात्र वेगळे.

यावर उपाय नाहीत असं नाही. साउंडेक्स नावाची पद्धत आहे. रॉबर्ट रसेल यांनी तिचं पेटंट अमेरिकेत १९१८ मध्ये घेतलं. नाव उच्चारावरून एका छोट्या कोडमध्ये बदलायचं आणि कोड जुळले की नाव सारखं धरायचं. आजही बऱ्याच डेटाबेसमध्ये ती तयार मिळते. मी आपली नावं तिच्यात घालून पाहिली. शेखचे पहिले तीनही प्रकार 'एस-२००' देतात, सय्यदची स्पेलिंगं 'एस-३००'. छान! पण मोहम्मद पूर्ण लिहिला तर 'एम-५३०' आणि 'एम-ओ-एच-डी' लिहिला तर 'एम-३००'. काझी तर पहिल्या अक्षरालाच फुटतो, कारण ही पद्धत पहिलं अक्षर जसंच्या तसं ठेवते. ती इंग्रजी कानासाठी बनवली होती. आपल्या नावांसाठीचे नियम आपल्यालाच लिहावे लागतील, आणि या खोलीत कोडिंग करणारे निदान आठ-दहा जण मला दिसतायत.

तुम्हाला माझी विनंती : नुसतं 'इक्वल टू' लावून मोकळे होऊ नका. पहिलं नाव, मधलं नाव, आडनाव असे तीन सक्तीचे रकाने करू नका, एकच नाव असलेली माणसं आपल्यात आहेत. आणि अर्ज नाकारलात तर नेमकं कुठलं अक्षर अडलं ते मराठीत लिहा, आणि शेवटी एखाद्या माणसाला ते बघू द्या. दोन ओळींचं काम आहे, पण कोणी करत नाही.

बाकीच्यांनी या रविवारी घरातले सगळे कागद जमिनीवर पसरून ठेवा. शाळेचा दाखला, आधार, पॅन, पासबुक, पासपोर्ट. एकच स्पेलिंग ठरवा. शक्यतो दाखल्यावरचं, कारण तो बदलणं सगळ्यात जिकिरीचं. आधारवर नाव साधारणपणे आयुष्यात दोनदाच बदलता येतं, तेव्हा घाईने सायबर कॅफेत जाऊन एक संधी वाया घालवू नका. मोठा फरक असेल तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नाव छापून घ्या, त्याचा अर्ज ऑनलाइन होतो. कोकणातून आखातात जाणाऱ्यांनी पासपोर्टकडे खास लक्ष द्या : नोव्हेंबर २०२२ पासून संयुक्त अरब अमिरातीने एकच नाव असलेल्या पासपोर्टवर व्हिजिट व्हिसाने येणाऱ्यांना मनाई केली आहे.

आणि घरात बाळ जन्मलं असेल तर जन्मदाखल्याचं स्पेलिंग दवाखान्यातल्या क्लार्कवर सोडू नका. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत तोच कागद चालतो. नाव ठरलं नसेल तर रकाना कोरा राहू द्या, वर्षभरात ते विनाशुल्क नोंदवता येतं.

पुढच्या वक्त्यांची वेळ झाली आहे. काहींनी कागद बरोबर आणले आहेत असं कळलं. जेवणाच्या सुट्टीत मी मागच्या बाकावर लॅपटॉप घेऊन बसतो, एकेक करून या. आईवडलांचे कागद आणले असतील तर आधी ते.